मृदू आणि कणखर : साने गुरुजी

पाठापूर्वी : माणसाचा स्वभाव सांगणारे अनेक शब्द आपण मागील इयत्तांत शिकलो आहोत. या पाठात तेच शब्द एका थोर माणसाच्या जीवनात पाहायचे आहेत. वाचताना स्वभाव सांगणारे शब्द वहीत वेगळे लिहून ठेवा. पाठाच्या शेवटी त्यांचा उपयोग होईल.

विद्यार्थी मित्रांनो, विरुद्धार्थी शब्द पाठ करणे फारसे अवघड नसते. फळ्याच्या एका बाजूला 'शूर' लिहिले की दुसऱ्या बाजूला 'भित्रा' येतो. 'उदार' लिहिले की 'कंजूष' येतो. 'मृदू' लिहिले की बहुतेक मुले त्याच्यासमोर 'कठोर' लिहितात. उत्तर बरोबर असते आणि गुणही पूर्ण मिळतात. पण एकच माणूस मृदूही असेल आणि कठोरही असेल, असे होऊ शकते का? फळ्यावर हे दोन शब्द समोरासमोर उभे असतात. जीवनात मात्र ते कधीकधी एकाच माणसात शेजारीशेजारी राहतात.

असा एक माणूस आपल्या खानदेशात येऊन राहिला. अमळनेरला त्याने मुलांना शिकवले, धुळ्याच्या तुरुंगात शिक्षा भोगली आणि आपल्या यावल तालुक्यातील फैजपूरच्या अधिवेशनासाठी खेडोपाडी पायपीट केली. त्याचे नाव पांडुरंग सदाशिव साने. सारा महाराष्ट्र त्यांना साने गुरुजी म्हणून ओळखतो.

साने गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड या गावी झाला. पालगड हे रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात आहे. त्यांचे घराणे खोतांचे होते. खोत म्हणजे सरकारसाठी गावातील शेतसारा गोळा करणारा. एके काळी घरात सुबत्ता होती. पण कोर्टकचेऱ्या आणि कर्ज यांमुळे घराची परिस्थिती खालावत गेली. वडील सदाशिवराव स्वभावाने भोळे होते. आई यशोदाबाई सोशीक होत्या. सोशीक माणूस दुःख सहन करतो, पण त्याचे रडगाणे गात नाही. गरिबी आली तरी आईने मुलांना लाचार होऊ दिले नाही. लाचार माणूस दुसऱ्यापुढे मान तुकवून हात पसरतो. त्याच्या उलट स्वाभिमानी माणूस उपाशी राहील, पण मान ताठ ठेवील.

लहानपणी पांडुरंग फार हळवा होता. कोणाला दुःख झालेले पाहिले की त्याचे डोळे भरून येत. शिवाय तो भित्राही होता. पोहायला जायचे म्हटले की तो घरात लपून बसे. आपल्या बालपणाच्या आठवणी त्यांनी पुढे 'श्यामची आई' या पुस्तकात लिहिल्या आणि त्यात स्वतःला श्याम हे नाव दिले. त्या पुस्तकात या प्रसंगाची हकीकत आहे. लपलेल्या श्यामला आईने शोधून काढले. हातात शिंपटी घेतली आणि त्याला मारत विहिरीकडे पिटाळले. श्याम रडला, ओरडला, पण पाण्यात उतरला. भीती गेली. घरी आल्यावर त्याच आईने त्याला जवळ घेतले आणि प्रेमाने दही खायला दिले. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये, एवढीच तिची इच्छा होती.

आता सांगा, ही आई कठोर की मायाळू? मार पाहणारा तिला कठोर म्हणेल. दही पाहणारा मायाळू म्हणेल. खरे पाहता तिची माया एवढी मोठी होती की मुलाच्या भल्यासाठी तिला कठोर होता आले. हा पहिला धडा पांडुरंगाला घरीच मिळाला.

दुसरा धडाही आईनेच दिला. त्या काळी काही जातींच्या लोकांना अस्पृश्य मानण्याची दुष्ट रूढी होती. एके दिवशी अशाच समाजातील एक म्हातारी मोळी घेऊन चालली होती. थकव्याने ती खाली बसली आणि मोळी पडली. तिला मोळी उचलून द्यायला कोणी पुढे येईना. आईने श्यामला सांगितले की, जा आणि तिच्या डोक्यावर मोळी चढव. मात्र त्या काळच्या रिवाजाप्रमाणे घरी आल्यावर अंघोळ करायलाही तिने सांगितले. आई दयाळू होती, पण रूढीची साखळी तिला पुरती तोडता आली नाही. ती अर्धे पाऊल पुढे गेली. उरलेले पाऊल मुलाने मोठेपणी टाकले. ते कसे, हे पुढे येईल.

पांडुरंगाचे शिक्षण मोठ्या हालअपेष्टांत झाले. पालगड, दापोली, औंध आणि पुणे अशा ठिकाणी तो शिकला. घरून पैसे येणे कठीण होते. तो हाताने स्वयंपाक करी. कधी अर्धपोटी राही. पण त्याने कोणापुढे तोंड वेंगाडले नाही. तो स्वावलंबी बनला. १९१७ साली आई वारली. शेवटच्या क्षणी तो तिच्याजवळ नव्हता. ही खंत त्याच्या मनात जन्मभर राहिली. दुःखाने काही माणसे कडवट होतात आणि सगळ्या जगावर चिडतात. पांडुरंग कडवट झाला नाही. आईकडून मिळालेली माया तो इतरांच्या मुलांना वाटू लागला.

एम. ए. पर्यंतचे शिक्षण घेऊन ते खानदेशात अमळनेरला आले. तेथील तत्त्वज्ञान मंदिरात त्यांनी काही काळ अभ्यास केला. पुढे १९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. शाळेच्या छात्रालयाचे, म्हणजे बोर्डिंगचे कामही त्यांच्याकडे आले. मुले त्यांना साने सर म्हणत.

छात्रालयातील काही मुले आळशी होती, काही अव्यवस्थित होती. कोणाच्या खोलीत कपड्यांचा ढीग पडलेला असे. कोणाच्या अंथरुणाची घडी घातलेली नसे. एखादा तापट शिक्षक अशा वेळी छडी उचलतो. साने सरांनी छडी उचलली नाही. मुले शाळेत गेली की ते स्वतः खोल्या झाडून काढत, अंथरुणे नीट ठेवत, मळलेले कपडे धुऊन टाकत. त्याबद्दल ते कोणाला एक शब्दही बोलत नसत. मुले परत आल्यावर खोली पाहून ओशाळत. मग हळूहळू आपले काम आपणच करू लागत. सरांच्या शांतपणाने जे केले, ते छडीला जमले नसते.

त्यांचा स्वभाव लाजाळू होता. मोठ्या लोकांच्या मेळाव्यात ते फारसे बोलत नसत. पण मुलांसमोर उभे राहिले की शब्दांचा झरा वाहू लागे. मुलांना ज्ञान मिळावे म्हणून त्यांनी हाताने लिहिलेले एक दैनिक छात्रालयात सुरू केले. शाळेचे काम सांभाळून रोज लिहायचे आणि रोज नवे लिहायचे, हे काम सोपे नव्हते. ते कमालीचे कष्टाळू होते. कामचुकार माणूस काम टाळण्यासाठी निमित्त शोधतो. कष्टाळू माणसाला वेळ कधी कमी पडत नाही. पुढे त्यांनी 'विद्यार्थी' नावाचे मासिकही चालवले.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. मुलांचे अंथरूण नीट करणारे हे शिक्षक स्वतःच्या बाबतीत मात्र अतिशय काटेकोर होते. अंगावर खादीचे साधे कपडे असत. खाणेपिणे साधे असे. स्वतःला ते सवलत देत नसत. इतरांशी मृदू आणि स्वतःशी कठोर, असा त्यांचा रिवाज होता. आपल्यापैकी पुष्कळांचा रिवाज याच्या अगदी उलट असतो. आपण स्वतःची चूक चटकन माफ करतो आणि दुसऱ्याची चूक लक्षात ठेवतो.

१९३० साली महात्मा गांधींनी मिठाचा सत्याग्रह केला. देशभर कायदेभंगाची चळवळ सुरू झाली. साने सरांना आपले विद्यार्थी प्राणांहून प्रिय होते. तरीही त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि चळवळीत उडी घेतली. विहिरीच्या पाण्याला घाबरणारा मुलगा आता तुरुंगाला घाबरत नव्हता. भित्रेपणा हा जन्माचा शिक्का नसतो, तो पुसता येतो, हे त्यांच्या जीवनावरून दिसते.

सरकारने त्यांना पकडले. धुळ्याच्या आणि नंतर दूर दक्षिणेतील त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ते राहिले. त्रिचनापल्लीला निरनिराळ्या प्रांतांतील कैदी होते. प्रत्येकाची भाषा वेगळी होती. गुरुजींना वाटले, आपण एका देशाची माणसे आणि एकमेकांची भाषा आपल्याला येऊ नये, ही केवढी लाजिरवाणी गोष्ट! ते तेथे तमिळ शिकू लागले. 'कुरल' या प्राचीन तमिळ ग्रंथाचे त्यांनी मराठीत भाषांतर केले. संकुचित माणूस दुसऱ्याची भाषा ऐकून तोंड फिरवतो. गुरुजी उदार मनाचे होते. उर्दू घरात बोलून मराठी शिकणाऱ्या मुलांना त्यांचे हे वागणे अधिक चांगले समजेल.

१९३२ साली ते पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात होते. आचार्य विनोबा भावे हेही तेथेच होते. विनोबा दर रविवारी गीतेवर प्रवचन देत. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने झाली. गुरुजींनी ती सर्व बसून लिहून घेतली. त्यातूनच 'गीता प्रवचने' हा ग्रंथ तयार झाला आणि भारताच्या अनेक भाषांत गेला. गुरुजी स्वतः लेखक होते. पण दुसऱ्याचे विचार लिहून घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. गर्विष्ठ माणसाला हे जमत नाही. त्यासाठी मन नम्र असावे लागते.

नंतर त्यांना नाशिकच्या तुरुंगात ठेवण्यात आले. तेथे ते सोबतच्या कैद्यांना आपल्या आईच्या आठवणी सांगत. मग त्या लिहून काढाव्यात असे त्यांना वाटले. ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई' या पुस्तकाचा बहुतेक भाग लिहिला. दिवसा तुरुंगातील काम आणि बाकीच्या वेळात लेखन, असा क्रम होता. लिहिताना त्यांचे डोळे पाझरत. १९३५ साली पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढे आचार्य अत्रे यांनी त्यावर १९५३ साली चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले.

आता आपल्या तालुक्याकडे येऊ. १९३६ च्या डिसेंबरात राष्ट्रीय काँग्रेसचे अधिवेशन फैजपूरला भरले. त्यापूर्वी अशी अधिवेशने मोठ्या शहरांत भरत. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. महात्मा गांधीही आले होते. प्रसिद्ध चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या खेड्यातल्याच वस्तू वापरून अधिवेशनाच्या जागेची सजावट केली होती. धनाजी नाना चौधरी यांच्यासारखे खानदेशातील कार्यकर्ते रात्रंदिवस राबत होते. गुरुजी गावोगाव हिंडले. त्यांनी सभा घेतल्या, लोकांना अधिवेशनाचे महत्त्व समजावले, स्वयंसेवक मिळवले. अधिवेशन यशस्वी झाले तेव्हा व्यासपीठावर मिरवण्याची हौस त्यांना नव्हती. प्रसिद्धीची हाव असलेला माणूस काम थोडे करतो आणि बोलतो फार. निःस्वार्थी माणूस काम करतो आणि बाजूला होतो.

पुढे १९३८ साली त्यांनी अमळनेरहून 'काँग्रेस' नावाचे साप्ताहिक काढले. त्यातून ते शेतकरी आणि कामगार यांची गाऱ्हाणी मांडत. १९४२ च्या 'चले जाव' चळवळीत ते भूमिगत झाले. नंतर पकडले गेले आणि पुन्हा तुरुंगात गेले. तुरुंग आता त्यांना नवा नव्हता.

त्यांच्या जीवनातील सर्वांत मोठी कसोटी मात्र पंढरपूरला झाली. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हे महाराष्ट्रातील हिंदूंचे फार मोठे तीर्थस्थान. लाखो वारकरी पायी चालत तेथे जातात. पण अस्पृश्य मानलेल्या लोकांना मंदिरात पाऊल ठेवण्याची मनाई होती. ते बाहेरूनच हात जोडून परत फिरत. गुरुजींच्या हळव्या मनाला ही गोष्ट असह्य झाली. देश स्वतंत्र होण्याच्या दारात उभा आहे आणि देशातलीच माणसे देवाच्या दाराबाहेर उभी आहेत, हे त्यांना पाहवेना. त्यांनी १९४६ साली उपोषण करण्याचे ठरवले.

सहकाऱ्यांनी सांगितले की आधी लोकांना समजावून पाहू. गुरुजींनी ते मानले आणि उपोषण पुढे ढकलले. सेनापती बापट आणि राष्ट्र सेवा दलाचे तरुण यांना बरोबर घेऊन ते काही महिने महाराष्ट्रभर फिरले. ते लोकांशी गोडीने बोलत. कोणाला शिव्या देत नसत, कोणाचा अपमान करत नसत. अनेक गावांतील लोकांनी आपल्या विहिरी आणि मंदिरे सर्वांसाठी खुली केली. पण पंढरपूरच्या मंदिराचे दार उघडले नाही.

तेव्हा १ मे १९४७ रोजी पंढरपूरला तनपुरे महाराजांच्या मठात गुरुजींनी उपोषण सुरू केले. विरोधक उलटसुलट बोलू लागले. लवकरच कायदा होणार आहे, मग उपोषण कशाला, असेही काही जणांचे म्हणणे होते. गांधीजींपर्यंत अपुरी माहिती गेली होती. त्यांनीही उपोषण सोडावे अशी तार पाठवली. ज्यांना गुरू मानले, ज्यांच्यासाठी नोकरी सोडली, त्यांचाच हा निरोप! गुरुजींच्या जागी दुसरा कोणी असता तर डळमळला असता. गुरुजींनी गांधीजींबद्दलचा आदर तसूभर कमी होऊ दिला नाही, पण उपोषणही सोडले नाही. दादासाहेब मावळणकर यांनी मध्यस्थी केली. गांधीजींचा गैरसमज दूर झाला. शरीर खंगत होते, पण निश्चय ढळला नाही. सुमारे दहा दिवसांनी मंदिर सर्वांना खुले करण्याचे मान्य झाले आणि गुरुजींनी उपोषण सोडले. आईने सांगितल्यावरून मोळी उचलून देणाऱ्या श्यामने राहिलेले पाऊल असे पुरे केले.

येथे थोडे थांबून एका शब्दाचा विचार करू. गुरुजींचे हे वागणे हट्टीपणाचे म्हणायचे का? उर्दूत आपण 'ज़िद' म्हणतो, तेव्हा बहुधा मनात नाराजी असते. ज़िद्दी मूल कोणाचे ऐकत नाही. मराठीत हाच शब्द 'जिद्द' होऊन आला आणि त्याला चांगला अर्थ मिळाला. मराठीत जिद्दी मुलगा म्हणजे अडचणींना न घाबरता काम तडीस नेणारा मुलगा. वाईट अर्थासाठी मराठीत 'हट्ट' किंवा 'दुराग्रह' हे शब्द आहेत. हट्टी माणूस स्वतःसाठी अडून बसतो आणि दुसऱ्याचे ऐकत नाही. गुरुजींनी सहकाऱ्यांचे ऐकून उपोषण लांबवले, लोकांना समजावले आणि मगच ते अन्नत्यागाला बसले. त्यांनी स्वतःसाठी काहीही मागितले नाही. म्हणून त्यांना हट्टी म्हणता येणार नाही, जिद्दी म्हणावे लागेल.

'गरीब' या शब्दाचेही असेच आहे. उर्दूत गरीब म्हणजे पैसा नसलेला. मराठीत तो अर्थ आहेच. शिवाय स्वभावाने गरीब म्हणजे कोणाला न दुखावणारा, शांत, साधा माणूस. गुरुजी दोन्ही अर्थांनी गरीब होते. पण गरीब स्वभावाचा माणूस दुबळा असतो असे समजणे चूक आहे. पंढरपूरने ते दाखवून दिले.

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. गुरुजींना अतोनात दुःख झाले. त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. सूडबुद्धीचा माणूस दुःख झाले की दुसऱ्याला शिक्षा देऊ पाहतो. गुरुजींनी शिक्षा स्वतःला दिली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला त्यांनी 'साधना' हे साप्ताहिक सुरू केले. ते आजही निघते. भारतातील सर्व भाषांच्या लोकांनी एकमेकांना ओळखावे, एकमेकांचे साहित्य वाचावे, म्हणून त्यांनी 'आंतरभारती'ची कल्पना मांडली. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात पडलेले बी असे वाढले.

ही ओळख केवळ भाषांची नव्हे, धर्मांचीही व्हावी असे त्यांना वाटे. मराठी वाचकांना इस्लामची माहिती मिळावी म्हणून त्यांनी 'इस्लामी संस्कृति' हे पुस्तक लिहिले. त्यात हजरत मुहंमद पैगंबर यांचे चरित्र त्यांनी मोठ्या आदराने सांगितले आहे. दुसऱ्याच्या धर्माविषयी न वाचता मत बनवणारा माणूस पूर्वग्रहदूषित असतो. आधी वाचणारा, समजून घेणारा माणूस सहिष्णू असतो.

स्वातंत्र्यानंतरही देशातील विषमता आणि द्वेष पाहून त्यांचे मन फार व्यथित झाले. ११ जून १९५० रोजी मुंबईला त्यांचे निधन झाले. त्यांना अवघे पन्नास वर्षांचे आयुष्य लाभले. मागे त्यांनी घरदार, जमीनजुमला ठेवला नाही. पुस्तके ठेवली आणि असंख्य विद्यार्थी ठेवले. जगावर प्रेम करावे असे सांगणारी त्यांची प्रार्थना महाराष्ट्रातील अनेक शाळांत म्हटली जाते.

आता सुरुवातीच्या फळ्याकडे परत जाऊ. 'मृदू' या शब्दासमोर आपण 'कठोर' लिहिले होते. ते तसेच राहू द्या. त्याच्याखाली 'कणखर' हा शब्द लिहा. त्याचा विरुद्धार्थी शब्द कोणता? काही मुलांना वाटेल, मृदू. ते बरोबर नाही. कणखर माणसाच्या उलट लेचापेचा माणूस. थोडे संकट आले की लेचापेचा माणूस वाकतो. गुरुजी मृदू होते, पण लेचेपेचे नव्हते. त्यांच्या डोळ्यांत पाणी चटकन येई, पण त्यांचे पाय मागे येत नसत.

म्हणून कोणाचा स्वभाव सांगताना एक शब्द घाईने चिकटवू नये. तो कठोर आहे असे म्हणण्याआधी विचारावे : कोणाशी? तो हट्टी आहे असे म्हणण्याआधी विचारावे : कोणासाठी? वर्गातला एखादा मुलगा पटकन रडतो म्हणून त्याला भित्रा ठरवू नका. पालगडचा पांडुरंगही पटकन रडत असे.

शब्दार्थ

मृदू – नर्म, कोमल
कणखर – मजबूत, न डगमगणारा
लेचापेचा – कमजोर, चटकन वाकणारा
हळवा – ज्याचे मन लवकर भरून येते असा
मायाळू – प्रेमळ, मेहरबान
सोशीक – सब्र करणारा, सहन करणारा
लाचार – मान तुकवून मागणारा
शिंपटी – मारण्यासाठी घेतलेली बारीक काठी
मोळी – लाकडांचा बांधलेला भारा
तोंड वेंगाडणे – लाचारीने मागणे
ओशाळणे – शरमिंदा होणे
काटेकोर – नियमात जराही ढिलाई न करणारा
भूमिगत होणे – सरकारपासून लपून काम करणे
तसूभर – अगदी थोडे
तडीस नेणे – शेवटपर्यंत पूर्ण करणे
सहिष्णू – दुसऱ्याचे मत व धर्म समजून घेणारा
पूर्वग्रहदूषित – आधीच वाईट मत करून बसलेला

स्वभाव सांगणारे शब्द व त्यांचे विरुद्धार्थी शब्द

निर्भय × भित्रा
उदार × कंजूष (पैशाच्या बाबतीत)
उदार × संकुचित (मनाच्या बाबतीत)
नम्र × गर्विष्ठ
शांत × तापट
कष्टाळू × कामचुकार
स्वाभिमानी × लाचार
स्वावलंबी × परावलंबी
निःस्वार्थी × स्वार्थी
व्यवस्थित × अव्यवस्थित
दयाळू × निर्दय
क्षमाशील × सूडबुद्धीचा
कणखर × लेचापेचा
सहिष्णू × असहिष्णू

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) साने गुरुजींचा जन्म कोठे व केव्हा झाला?
(आ) अमळनेरला ते कोणत्या शाळेत शिक्षक होते?
(इ) फैजपूरचे अधिवेशन कोणत्या साली भरले? त्याचे वेगळेपण कोणते?
(ई) त्रिचनापल्लीच्या तुरुंगात गुरुजी कोणती भाषा शिकले?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) छात्रालयातील आळशी मुलांना गुरुजींनी कसे सुधारले?
(आ) आई अर्धे पाऊल पुढे गेली, असे लेखकाने का म्हटले आहे?
(इ) गांधीजींची तार आल्यावर गुरुजी कसे वागले? त्यावरून त्यांचे कोणते गुण दिसतात?

३. पुढील वागण्यावरून माणसाचा स्वभाव ओळखा आणि पाठातील योग्य शब्द लिहा.
(अ) शेजारच्या मुलाला वही हवी होती. सलीमने आपली नवी वही त्याला देऊन टाकली.
(आ) घंटा झाली की रशीद पाणी प्यायला जातो आणि वर्ग झाडून झाल्यावर परत येतो.
(इ) पहिला क्रमांक आला तेव्हापासून नसरीन मैत्रिणींशी बोलत नाही.
(ई) तीन वेळा नापास होऊनही अन्वरने अभ्यास सोडला नाही. चौथ्या वेळी तो उत्तीर्ण झाला.

४. 'हट्टी' आणि 'जिद्दी' या शब्दांचा वेगवेगळ्या वाक्यांत उपयोग करा. दोन्ही वाक्यांतील फरक वर्गात सांगा.

५. उर्दू व मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे, पण अर्थात थोडा फरक असलेले आणखी दोन शब्द शोधा. (उदाहरणार्थ, 'हुशार' : उर्दूत 'होशियार' म्हणजे सावध असाही अर्थ होतो. मराठीत हुशार म्हणजे बुद्धिमान.)

६. तुमच्या घरातील किंवा मोहल्ल्यातील एका माणसाविषयी दहा ओळी लिहा. त्याच्या स्वभावातील एकमेकांच्या उलट वाटणारे दोन गुण सांगा. ते कोणाशी व केव्हा दिसतात, हे उदाहरण देऊन लिहा.